मालकाची बाजू

मालकाचा वकील हातातला एका लेखाचा झेरॉक्स वाचत होता आणि हौसा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. पेणच्या कोर्टातलं बोलणं तिला निम्मंही कळत नव्हतं. शेत हातचं जातंय, एवढं मात्र कळत होतं.

बांध फुटला, खाडी आत शिरली, भात गेलं. तेव्हापासून मालकाने एकच धोशा लावला होता, कसत नाही तर कूळ कसलं?

हौसाला धीर होता तो गोविंदाचा. पोरगा वकिलीच्या कॉलेजात. विद्यार्थीच चालवतात त्या कायद्याच्या अंकात त्याचा लेख आला, तेव्हा अक्षर कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या त्या बाईने अंकाला हळदकुंकू वाहून तो देव्हाऱ्यात ठेवला. सुट्टीला आला की तो शेताचं खोदून खोदून विचारायचा, आणि तीही भाकऱ्या थापता थापता भरभरून सांगायची.

"विद्यार्थ्यांचा अंक आहे, साहेब," वकील म्हणाला, "पण मुद्दा बिनतोड आहे. पाण्याखालच्या शेतात कूळ कोळंबी पकडतं. ती शेती नव्हे."

"कोर्ट लेखाला बांधील नाही," न्यायाधीश म्हणाले. "पण विचार करायला लावतो खरा."

हौसाचे वकील, रोह्याचे हैबतराव, चष्मा पुसत राहिले.

पुढच्या तारखेला निकाल लागला. शेत गेलं.

बाहेर येऊन हौसा पायरीवर मटकन बसली. निकालासाठी आलेला गोविंदा तिच्याजवळ उभा राहिला.

"हैबतरावांना तुझं लिवनं दावायचं व्हतंस रं."

"ते आपल्या कामाचं नाय, आये."

"आनि त्या मेल्या वकिलाला कोलंबीचं कोनी सांगलं? कोनी लिवलं त्ये?"

"विद्यार्थ्यांच्या लेखावर नाव छापत नाय. तशी रीतच हाय. कूळ का मालक, लिवायची बाजू चिठ्ठी टाकून वाटतात. ज्यानं ह्ये लिवलं त्याला मालकाची आली." गोविंदाने पायरीखाली पडलेल्या तिच्या चपला उचलल्या. "आपलं लिवनं अंकात यावं म्हनून जीव तोडून लिवली त्यानं."

"जीव तोडून!" हौसाला रडू आवरेना. बऱ्याच वेळाने तिने पदराने डोळे पुसले. "त्याला पन आय असंल ना? तिनं ह्ये वाचलं तर काय वाटंल तिला?"

गोविंदा वाकून तिच्या चपला तिच्या पायांशी नीट लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"तिला वाचता येत नाय, आये."