दोनशे पाखरं

कस्तुराबाई फटाक्यांच्या माळेवर बसल्या होत्या. तेरखेड्याहून खास आणलेली लांबलचक माळ, गोणपाटात गुंडाळलेली. बसायला टोचत होती. पण त्या उठल्या असत्या, तर उपसरपंच राजशेखरनं ती लावलीच असती.

"साहेब आल्यावर फटाके न्हाईत म्हंजी गावाची काय इज्जत राहिली, मावशी?" तो कुजबुजला.

"पाखरं उडाल्यावर साहेब काय तुझं तोंड मोजणार हायती? गप बस."

परंडा तालुक्यात समुद्र नाही, पण धरणाच्या काठाला होड्या लावायचा धक्का आहे आणि गाव त्याला मोठ्या तोऱ्यात बंदर म्हणतं. तीन वर्षं दर रविवारी कस्तुराबाई आणि पंधरा-वीस माणसं हे बंदर झाडत होती. बाटल्या, पिशव्या, फाटकी जाळी उचलत होती. आणि दर सोमवारी वीटभट्टीचे ट्रॅक्टर काठाची माती खरवडून नेत होते, वर त्यांचे ड्रायव्हर तिथंच अंघोळ करून जात होते. यंदा समोरच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरले. वनखात्याच्या साहेबांनी आज दोनशे मोजले, की काठ राखीव होणार होता. ट्रॅक्टर बंद.

म्हणून पहाटेपासून माणसं चपला हातात घेऊन चालत होती. होडीवाल्या बिराप्पाला खोकला आला, तर तो शंभर पावलं लांब चिंचेखाली जाऊन खोकून परत आला होता. तीनदा.

साहेबांनी दुर्बीण खाली केली. "एकशे त्रेसष्ट."

"बाकीची त्या उंचवट्याच्या मागं हाईत," बिराप्पा हळूच म्हणाला. "म्या सकाळी होडीतनं बघितली की."

"तुम्ही बघून चालत नाही. मला दिसायला पाहिजेत."

"उडली की दिसतील, साहेब."

"कधी उडतील?"

सगळ्यांनी पाण्याकडं पाहिलं. पाखरं एका पायावर उभी राहून, पिसांत मान खुपसून गाढ झोपली होती. गावानं पाळलेल्या शांततेचा असा पुरेपूर उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

साहेबांना बारा वाजता धाराशिवला मीटिंग होती. "पुढच्या वर्षी बघू," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं, रकान्यात एक लिहिला, मग सहा.

कस्तुराबाईंनी मान वळवली. रस्त्याच्या कडेला दोन ट्रॅक्टर साहेबांची जीप कधी हलते याची वाट बघत उभे होते. एका ड्रायव्हरनं तर बादली काढून ठेवली होती.

त्या उठल्या. गोणपाट झटकलं आणि माळ राजशेखरच्या हातात दिली.

"लाव."

"आत्ता?" सकाळपासून दबलेल्या त्या माणसाचा कानांवर विश्वास बसेना.

"इज्जत राखायची हाय ना? राख." मग त्या साहेबांकडं वळल्या. "साहेब, तुमी जरा वर बघा."

तेरखेड्याचा माल. एकही फटाका फुसका गेला नाही. उंचवट्याच्या पुढची, मागची, सगळी पाखरं गुलाबी चादर झटकावी तशी उठली आणि डोक्यावरून एक फेरी मारून गेली. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला, पाखरं मोजली. दोनशे सत्तेचाळीस. सही झाली. जीपमध्ये आणलेली पाटी लगेच रोवली गेली: राखीव क्षेत्र. आवाज करू नये.

जीप गेली. ट्रॅक्टर पुढं आले, ड्रायव्हरनं पाटी दोनदा वाचली आणि बादलीसकट माघारी फिरला. पाखरांची रांग उजनीच्या बाजूला बारीक होत होत दिसेनाशी झाली. धक्काभर लाल कागदांचा सडा पडला होता. समोर पाणी, त्यात एक बगळासुद्धा नाही.

कस्तुराबाईंनी खराटा उचलला.

बिराप्पाला पुन्हा खोकला आला. तो सवयीनं चिंचेकडं निघाला, चार पावलांवर थांबला, रिकाम्या पाण्याकडं बघितलं.

"मावशी, आता हितंच खोकलं तर चालंल का?"

कस्तुराबाईंनी पाटीकडं पाहिलं.

"लांब जा," त्या कुजबुजल्या. "राखीव हाय."