चुकीच्या वावरातली विहीर

देवेशनं नकाशावरची अख्खी विहीर धाकट्या भावाच्या वावरातून उचलली, मुद्दाम थोरल्याच्या वावरात टाकली आणि साहेबांची वाट बघत बसला. जमीन मोजणीच्या ऑफिसात याहून मोठी घोडचूक नाही. अशा विहिरीपायी सख्खे भाऊ कुऱ्हाडी काढतात.

रंगरावसाहेब आले. नकाशा बघितला. मानेची शीर टरारून फुगली, तोंड उघडलं. देवेश आशेनं सरसावून बसला. पण तोंड पुन्हा मिटलं. साहेबांनी खोडरबर घेतला, विहीर स्वतःच्या हातानं जागेवर आणली आणि हळूच म्हणाले, "होतं असं. तुम्ही आराम करा, देवेशराव."

देवेशराव! महिन्यापूर्वी हाच माणूस एका रेघेवरून सगळ्यांदेखत विचारायचा, "डोये हायेत का बटनं बे?"

चूक देवेशचीच. खरं बोलला ना! रोज उशीर का होतो असं विचारल्यावर त्यानं सरळ सांगून टाकलं. डिप्रेशन आहे, गोळ्या चालू आहेत, सकाळी झोप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, काही झालं तरी काम सोडू नका. ऑफिसानं हे ऐकलं आणि कामच काढून घेतलं. मोजणीला दुसरेच जाऊ लागले. चहावाल्या कलाबाईची साखरेवरून त्याच्याशी रोज जुंपायची. तीही आता बाळंतिणीच्या खोलीत ठेवावा तसा कप अलगद ठेवून निघून जायची. आधी मोजणीला गेलं की वावरात ऊन असायचं, टेप ओढताना दोन्हीकडचे त्याच्यावरच ओरडायचे, दिवस कसा सरला ते कळत नसे. आता टेबलाशी बसून त्याला वाटायचं, आपण कुणाच्या हिशेबातच राहिलो नाही.

आता तर विहीरही फुकट गेली! देवेशनं कोरा कागद ओढला, राजीनामा लिहिला आणि साहेबांपुढे ठेवला. "माझा येथे काही उपयोग नाही." सकाळी अंथरुणातून उठायला त्याच्याजवळ हे एवढंच कारण होतं.

साहेबांनी वाचला. परत वाचला. मग टेबलावर अशी थाप मारली की कप आडवा झाला.

"उपयोग नाही? मंग रोहिणखेडची मोजणी कोन करीन, मी? गुडघे पाह्यले का माहे? ते दोघं भाऊ रोज येऊन डोकं खाऊन राह्यले, अन् हा इथं बसून विहिरी नाचवून राह्यला!" आणि एकाएकी आवाज बसला. "तीन हप्ते तोंड दाबून बसलो बे. मले वाटे, माहा एक शब्द जास्त झाला, अन् तुनं काही करून घेतलं तं?"

देवेशनं आडवा कप सरळ केला. "साहेब, तुमी बोलत नोहते, त्याचंच तं भेव वाटे."

रंगरावांनी नाक पुसलं, राजीनामा चुरगाळून त्याच्या अंगावर फेकला आणि पूर्ण ताकदीनं ओरडले, "मंग उभा काऊन हायेस गधड्या? जीप निघून राह्यली ना!"

देवेश टेप घेऊन पळत सुटला. तीन आठवड्यांत त्याच्याशी इतकं गोड कुणीच बोललं नव्हतं.