एक चमचा मागे

तो लोणी घेऊन परत आला तेव्हा बरणी धुऊन ओट्यावर पालथी घातलेली होती.

स्वयंपाकघरात तिघे मित्र होते. वकील खुर्चीवर बसून मोबाइलवर पावाचा व्हिडिओ बघत होता. दातांचा डॉक्टर टॉवेलला हात पुसत होता. मामा भिंतीला टेकून बिस्किटं खात होता. तो कोणाचाच मामा नव्हता, पण शाळेपासून सगळे त्याला मामाच म्हणत. सकाळपासून त्याने दोनच कामं केली होती, पीठ मळायचं आणि बिस्किटं संपवायची. मनगटाच्या वरपर्यंत पीठ चिकटून वाळलं होतं आणि त्याच हातांनी तो खात होता.

"आलास? तुझा पाव गेला आत," वकील म्हणाला. "झाला अर्धा तास."

"फुगू दिलात का?"

"व्हिडिओतली बाई चार तास म्हणते. एवढा वेळ आहे कोणाला? आत गेला की उष्णतेने फुगेलच की."

वकील सकाळपासून असाच उंटावरून शेळ्या हाकत होता. पिठाला त्याने बोटही लावलं नव्हतं.

लोणी ओट्यावर ठेवून त्याने ओव्हनच्या काचेतून पाहिलं. आत एक वीट होती. कडेने काळी पडत चालली होती. पावाचं त्याला काही वाटलं नाही. तो वळला आणि बरणीकडे बोट दाखवून म्हणाला, "यात आंबवण होतं."

"घातलं की सगळं," डॉक्टर म्हणाला. "वाटीभर निघालं. मग मी गरम पाण्याने, साबणाने बरणी घासून काढली. केवढा आंबट वास अरे! असलं काही फ्रीजमध्ये ठेवतात का?"

ते आंबवण त्याच्या बायकोचं होतं. अकरा वर्षं तिने ते जिवंत ठेवलं होतं. पावासाठी त्यातलं काढायचं, एक चमचा मागे ठेवायचा, त्या चमच्याला पुन्हा पीठ-पाणी घालायचं. ती गेली त्याला सात महिने झाले होते. त्याला पाव करता येत नव्हता. दर रविवारी थोडं आंबवण काढून टाकायचं आणि थोडं पीठ-पाणी घालायचं, एवढंच त्याला जमत होतं. तेवढं त्याने एकदाही चुकवलं नव्हतं.

"झाकणावर चिठ्ठी होती," तो म्हणाला.

"होती. साबणाने निघून गेली."

"वाचली होती का?"

डॉक्टरने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने मोबाइल उपडा ठेवला.

"एक चमचा मागे ठेवणे," वकील म्हणाला. "वाचली ना. मीच वाचून दाखवली दोघांना. पण म्हटलं, आता कोणासाठी ठेवायचा? पुन्हा पाव करणार आहे कोण इथे?"



"यीस्टची पाकिटं मिळतात रे दुकानात," डॉक्टर म्हणाला. "डझनभर आणून टाकतो."

"तुझं मन रमावं म्हणून तर आलो आम्ही," मामा तोंडातलं बिस्किट गिळत म्हणाला.

त्याने तिघांकडे पाहिलं. तिघांची मिळून एकशे नव्वद वर्षं झाली होती आणि विरजणाचं भांडं कोरडं करायचं नसतं, हे एकालाही माहीत नव्हतं. घरी तिघांच्याही बायका होत्या. यांनी जन्मभर ताटात आलं ते खाल्लं होतं आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं होतं. सात महिन्यांपूर्वीपर्यंत तोही यांच्यातलाच होता. म्हणून तर त्याला यांचा जास्त राग येत होता.

"चला, हात धुतो आणि निघतो," मामा म्हणाला. त्याने पुडा चुरगाळून फेकला आणि नळाकडे हात नेला.

"मामा, नळ सोडू नकोस!"

मामा दचकून थांबला.

त्याला तसाच उभा ठेवून तो बाहेरच्या खोलीत गेला. तो घड्याळजी होता आणि त्याचं टेबल तिथे होतं. घड्याळाची पाठ उघडायची पातळ सुरी घेऊन तो परत आला. त्याने एक पांढरी बशी मांडली, मामाला खुर्चीत बसवलं आणि त्याचा उजवा हात बशीवर धरला. आधी अंगठीभोवतीचं पीठ खरवडलं. मग नखांच्या कडा. मग मनगटावरच्या केसांत अडकलेलं.

"गुदगुल्या होतात रे."

"हलू नकोस."

"अरे, हे वाळून कडक झालंय. मेलं असेल," वकील म्हणाला.

"वाळलंय," तो म्हणाला. "एकदा तिचंही नासलं होतं. तेव्हा तिने झाकणाला वाळून चिकटलेली खपली काढून भिजवली. तिसऱ्या दिवशी बुडबुडे आले."

बशीत चिमूटभर पापुद्रे जमले. त्यातला एक बिस्किटाचा कण होता. तो त्याने सुरीच्या टोकाने बाजूला काढला.

डॉक्टर जवळ आला. त्याने बाह्या वर सारून दोन्ही हात पुढे केले.

"माझ्याही हाताला असेल बघ थोडं."

त्याने मान वर केली नाही.

"तुझे धुतलेत," तो म्हणाला. "आणि वकिलाचे भरलेच नाहीत."

ओव्हनची घंटी वाजली. जळका वास आला. कोणी उठलं नाही. मामाने बोटं फाकवून दुसरा हात बशीवर धरला.