आखूड दांड्याचा पाना

"हा पाना तुझ्या हाताने फिरतो का बघ," त्याने चाकाचा पाना काउंटरवरून तिच्याकडे सरकवला.

"माझ्या हाताचा काय संबंध? ज्याची गाडी त्याचा हात."

"बाईमाणसाचा हात लागतो गं अंदाजाला. फिरव ना जरा."

झालं! म्हणजे गाडी बाईमाणसाची होती, आणि ते त्याच्याच तोंडून बाहेर पडलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला होता. गाडीत ठेवायचं अडीअडचणीचं सामान घ्यायचंय, संध्याकाळी दुकानात ये, एवढंच. कोणाच्या गाडीसाठी, हे विचारलं तर म्हणाला, "सांगतो नंतर." त्याच्या स्वतःच्या गाडीची डिकी म्हणजे आधीच अर्धं वर्कशॉप होतं. लिफ्टची तपासणी करणारा माणूस तो, दोन दोर असले तरी तिसरा बाळगणारा.

आणि तिच्या डिकीत? एक स्टेपनी आणि एक जुनी छत्री. फिजिओथेरपीसाठी पेशंटच्या घरोघरी हिंडायचं आणि गाडी बंद पडली की त्याला फोन लावायचा, हीच तिची अकरा वर्षांची रीत. तो यायचा. हातातलं काम टाकून यायचा, बाह्या सरसावून चाक बदलायचा आणि वर तिलाच ओरडायचा, "काच वर घेऊन आत बस, ऊन लागेल!" बाकीच्या बायका दागिने मिरवतात, ती हे मिरवायची. निदान मनातल्या मनात.

पण पंधरा दिवस झाले, माणूस बदलला होता. धड बोलणं नाही, फोन सदा पालथा. आणि त्याच्या ऑफिसात लाल गाडीवाली एक नवी बाई आली होती. "हुशार आहे, पण गाडीतलं ओ की ठो कळत नाही तिला," असं तो महिन्याभरात तीनदा म्हणाला होता. तीनदा! हिने मोजलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय! आपला माणूस डोळ्यांदेखत हातचा चालला, या धास्तीने तिला रात्र रात्र झोप नव्हती.

"वहिनी, लांब दांड्याचा घ्या," दुकानदार काका म्हणाले. "जोर कमी लागतो."

ते तिला वहिनी म्हणाले की एरवी तिला फार बरं वाटायचं. आज त्याचंही काही वाटलं नाही.

दांडा आखूड असला की मनगटाची वाट लागते, हे ती दिवसाला दहा पेशंटना सांगायची. तिने आखूड दांड्याचा पाना उचलला, हवेत दोनदा गरकन फिरवला. "हाच बरा. सुटसुटीत आहे." लाल गाडीवालीच्या हाताला फोड आले तर येऊ देत. मनगट मुरगळलं तर येईलच म्हणा माझ्याकडे, फी घेऊन बरं करीन!

"नक्की?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? तूच ठरव की."

"नाही, तू म्हणशील ते."

मग तिला चेवच आला. बॅटरीच्या केबल दोन मापांत होत्या. तिने आखूड जोडी निवडली. म्हणजे दुसरी गाडी नाकाला नाक लावून उभी केल्याशिवाय चालूच व्हायची नाही. गाडी ओढायचा पट्टा बारीकसा घेतला. टॉर्च काजव्याएवढा उजेड पाडणारा. "एवढा पुरे की, रात्री हिंडायचंच कशाला म्हणते मी!"

काकांच्या भुवया वर गेल्या. "साहेब, हे जरा..."

"द्या, त्यांना पसंत आहे ना," तो म्हणाला. काच फोडायची हातोडी, लाल त्रिकोण आणि हवा भरायचा पंप मात्र त्याने स्वतः निवडला. पंपाचा माहितीचा कागद त्याने उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि बॅगेच्या वरच्या कप्प्यात नीट घडी करून ठेवला. एवढी काळजी! तिच्या जिवाचा नुसता तिळपापड झाला.

"भाग्यवान आहे बाई," ती फणकारली.

त्याने पैसे दिले आणि बॅग उचलली.

बाहेर दोघांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. तो बॅग घेऊन स्वतःच्या गाडीवरून पुढे गेला आणि तिच्या गाडीमागे थांबला.

"डिकी उघड."

"कोणाची?"

"तुझी. तुझ्यासाठीच घेतलंय सगळं."

ती बघतच राहिली. मग कानापर्यंत लाल झाली. काय अवलक्षण हे! नको त्या संशयापायी आपल्याच हाताने आपल्यासाठीच सगळं टाकाऊ निवडलं. पण लाज कुठल्या कुठे पळाली. एकदम इतकं हलकं वाटलं की रस्त्यातच हसू फुटलं. कोण लाल गाडीवाली अन् कोण काय! हा माणूस आपलाच होता. कायमचा आपला होता.

"अरे वेड्या, आधी का नाही बोललास? थांब, तो पाना बदलून आणते. माझ्या हाताने जन्मात फिरायचा नाही तो. नाहीतर राहू दे. तू आहेसच की फिरवायला!" तिने त्याचा हात धरला.

त्याने हात सोडवून घेतला. डिकी उघडून बॅग कोपऱ्यात ठेवली, हलू नये म्हणून स्टेपनीला टेकवली आणि डिकी लावली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "पाना बदलून घे. यापुढे गाडी अडली तर मला फोन करू नकोस. माझ्या बायकोला सगळं कळलंय."