दोन्ही तपासण्या निर्दोष

मरणाआधी क्वांटम स्मृतिकोशात साठवलेले अप्पा आजही शलाकाला ओळखत नव्हते. "माझी मुलगी नदीत गेली हो, बाई," ते म्हणाले. "मुलगा तेवढा वाचला."

खरं तर वाचली होती शलाका. बुडाला होता तिचा भाऊ निहार.

तिने अप्पांचा आवाज बंद केला. "बघितलंत? बिघाड आहे."

तंत्रज्ञ घाटपांडेंनी मान खाली घातली. "मॅडम, जुन्या झटपट पद्धतीने तपासलं, नव्या सावकाश पद्धतीनेही तपासलं. दोन्हींत एकही चूक निघत नाही."

"मग उघडून बघा."

"उघडून वाचली तर स्मृती मोडते. आम्ही फक्त शेजारचे कण एकमेकांशी जुळतात का, ते बघतो. अर्धवट चूक तिथे सापडते. या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली, की सगळं पुन्हा जुळतं, फक्त उलटं. मागे एक अर्धवट चूक सापडली होती. दुरुस्त करताना झटपट पद्धतीने ती पुसायच्या ऐवजी त्या टोकापर्यंत पूर्ण केली. सावकाश पद्धत तेव्हा वापरली असती, तर कदाचित..."

"आता उलटं फिरवा ना."

"कुठून फिरवायचं, ते सांगणारी खूणच उरली नाही."

शलाकाने अप्पांचा आवाज पुन्हा सुरू केला. अप्पा रडत होते.

"फार घाबरली असेल हो पोर."

"नाही, काका," ती म्हणाली. "तिला काठावर तुम्ही दिसत होतात."