बरगंडीचा वेल

गोपालनं द्राक्षाचं पान भगवंतरावांच्या हातावर ठेवलं. त्याच्यामागे उपटलेल्या संत्र्याच्या झाडांचा ढीग सकाळपासून जळत होता. चारशे झाडं, सगळ्यांची पानं कडेनं करपलेली.

"मामा, तुमी लय वाचता. हे कुठलं होय, सांगा."

रोग इथला नाही, विहिरीजवळच्या द्राक्षवेलावरून पसरला, असं तपासणीवाले सांगून गेले होते. वेल गोपालच्या आईनं, सुभद्राबाईंनी लावलेला. तो कोणी दिला हे सांगायला त्या आता नव्हत्या.

भगवंतराव अमरावतीच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. त्यांनी पान उलटं केलं. देठाजवळच्या खाचेच्या कडेला हिरवा भाग नव्हता, नुसती उघडी शीर होती. त्या खुणेवरून जात ओळखता येत होती.

शार्दोने, ते म्हणाले. फ्रान्समधल्या बरगंडी नावाच्या मुलखातलं द्राक्ष. मग अडखळत ते सांगत गेले. तिथं चुनखडीची एक अरुंद उतरण आहे, थंडी कडक. पांढऱ्या वाईनला शार्दोने, लालला पिनो न्वार, मुख्य जाती या दोनच. मधे एक बांध असला तरी अलीकडची वाईन वेगळी आणि पलीकडची वेगळी मानतात. आपण हे फक्त वाचलंय, जर्मनीतल्या लेकीनं पुस्तक पाठवलं होतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

गोपालचं लक्ष वाईनकडे नव्हतं. वऱ्हाडातला माणूस कुठंही गेला तरी चांगल्या झाडाची काडी ओल्या फडक्यात बांधून आणतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्यानं बाजूला उभ्या रखवालदाराकडे पाहिलं.

"तुले पोरगी फ्रान्सले धाडाची लय हौस होती नं, श्रावण?"

श्रावण अठरा वर्षं याच बागेत राहत होता. लेक रागिणी दिवाळीला येताना फक्त चॉकलेटचा डबा आणते, असं तो सांगू लागला. गोपालच्या दोघा भावांनी फाटक लावून घेतलं.

"मामा, ते दिजाँ शहर, जिथं याची पोरगी शिकते. ते याच मुलखात येते का?"

श्रावणनं हात जोडले. "साहेब, तुमी शिकलेले माणूस. तुमीच सांगा याइले."

भगवंतरावांनी चष्मा पुसला.

"येतं," ते म्हणाले. "काडी तिथलीच."

त्यांच्यासाठी फाटक उघडलं, आणि ते बाहेर पडल्यावर पुन्हा लागलं.

संध्याकाळी घरी पोचताच भगवंतराव चपला न काढता गच्चीवर गेले. लेकीनं एक दिवस बरगंडी दाखवायला नेलं, तेव्हा त्यांनी मोज्यात लपवून तीन काड्या आणल्या होत्या. एक त्यांनी बहिणीला, सुभद्राबाईंना दिली होती. उरलेले दोन वेल त्यांनी कुंड्यांतून मुळासकट उपटले.