आखाजीला समुद्रावर

फुकेत सुपडूआबांनी पहिल्या फटक्यात बाद केलं. फोटोत तिथली माणसं वाळूवर पथारीवरच्या मिरच्यांसारखी उघडी पडलेली होती. बालीचा समुद्र त्यांना काळपट दिसला. पट्टायाचं तर हेमकांतने नुसतं नाव घेतलं, आणि आबा असे खाकरले की पोराने गुपचूप मोबाइलवरचं बोट पुढे सरकवलं.

यंदा पपईच्या पिकाने हात दिला होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सुटीत सगळ्या घराला विमानाने परदेशी समुद्रावर न्यायचं, असं हेमकांतने जाहीर केलं होतं. तापीपेक्षा मोठं पाणी आबांनी जन्मात पाहिलं नव्हतं, तेही हरखले होते. पण गाव काही ठरेना. शहाद्याचा एजंट सकाळपासून विचारून विचारून थकला.

"आबा, तुम्हले जोयजे तरी काय?"

"जरा बरं गाव देख. जठे मानसं कपडा घालतस."

ओट्याच्या कडेला चुलतभाऊ वाहरू अडकित्त्याने सुपारी कातरत बसला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "रुपाना गावले बी समुद्र शे म्हने, भाऊ."

"आंडेरना घर कोनी फिराले जास का रे?" आबा कडाडले.

आंडेरचं, म्हणजे लेकीचं, नाव निघालं आणि वर्मावर बोट पडलं होतं. आबांच्या मनात पहिल्या दिवसापासून तेच एक गाव होतं: ओमानातलं सलाला. त्यांची रुपा तिथल्या दवाखान्यात नर्स होती, जावईही तिथेच नोकरीला. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा आबांचा बाणा. मागच्या वर्षी वाहरू सुरतेला लेकीकडे आठवडाभर राहून आला, तेव्हा आबांनी पारावर चारचौघांत त्याची अशी सालं काढली होती, की बिचारा कितीतरी दिवस तिकडे फिरकला नाही. आता त्याच वाहरूदेखत सलालाचं नाव घ्यायचं? थुंकून चाटणाऱ्यातले आबा नव्हते.

"रुपालेच इचारूत," म्हणत हेमकांतने व्हिडिओ कॉल लावला.

रुपा ड्यूटीवर होती. पांढरा गणवेश, कानामागे पेन, चालता चालता बोलत होती.

"आबा, जेवनात का? यंदा आखाजीले माले सुटी नही भेटनी. बठ्ठा वॉर्ड मन्हावर शे."

एवढ्यात एक उंचापुरा डॉक्टर तिच्याशेजारी येऊन थांबला. त्याने काही विचारलं. रुपाने अरबीत, झरझर, चार वाक्यांत उत्तर दिलं. डॉक्टरने मान हलवली आणि आल्या पावली परत गेला.

"काय इचारी ऱ्हायना व्हता तो?" आबांनी मोबाइल हेमकांतच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला.

"एक पेशंटले आज घर सोडू का म्हने. मी सांगं, दोन दिन थांबा."

"मंग तो थांबी?"

"थांबीच, आबा."

आबांची छाती सदऱ्यात मावेना. "देखं का वाहरू? डाक्टर इचारस नि आपली पोर सांगस!" सगळ्या गल्लीला ऐकू जावं अशा आवाजात त्यांनी हे सांगितलं.

"तुम्ही फुकेतले जा. चांगलं शे," रुपा म्हणाली आणि तिने मान दुसरीकडे वळवली. ये म्हणाली नाही. बापाला ती ओळखून होती. कोणीतरी हाक मारली तशी ती घाईने गेली आणि मोबाइल काळा झाला.

हेमकांतची आई शोभाबाई अंगणातल्या खाटेवर कुरडया उलटवत होत्या. इतका वेळ त्यांनी समुद्राच्या भानगडीत तोंड घातलं नव्हतं. आता हात झटकून त्या उठल्या.

"आखाजीले आंडेर माहेरले येस. बरोबर?"

"हां," आबा म्हणाले.

"यंदा तिले येता येत नही. मंग माहेरनी जावं का नही तिनाकडे?"

"नि पानी?"

"ती आठे येस तवय तुम्हले पानीना तांब्या कोन देस? तीच ना? तवय पेतस का नही?"

एवढी वर्षं आबांनी शोभाबाईंशी संसार केला, पण ही बाई वकिलाला भारी आहे हे त्यांना आत्ता कळलं. आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. डोळ्यांसमोरून ती पोर हलत नव्हती: कानामागे पेन, शेजारी तो डॉक्टर, आणि वळवलेली मान.

"हेमकांत," ते म्हणाले, "सलाला सांग एजंटले."

वाहरूचा अडकित्ता थांबला. हेमकांतने मिनिटभरही न दवडता एजंटला फोन लावला. तिकडचा आवाज उत्साहाने फुटून बाहेर येत होता. सलाला झकास आहे, नारळाची झाडं आहेत, केळी-पपईचे मळेसुद्धा आहेत. अगदी पाण्याला लागून एक हॉटेल आहे, खोल्या किती लिहू?

हेमकांतने मोबाइलवर हात ठेवला. "आबा, हॉटेलनं काय सांगू?"

"हॉटेलमाच उतरशी ना, भाऊ?" वाहरू पुढे सरकून गालात हसत म्हणाला. "का पानी बी पोरनाच घर पिशी?"

आबा उभे राहिले. टोपी नीट केली. वाहरूच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"सांग त्याले," ते हेमकांतला म्हणाले, "माहेर कधी हॉटेलमा उतरत नही."